'डू द नीडफुल' म्हणजे नेमकं काय करू?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त झालं भाच्याच्या हसण्याचं.

त्याचं असं झालं, की गेल्या डिसेंबरात माझी पेन्शन जमाच झाली नाही. हयातीचा दाखला मी नोव्हेंबरातच दिला होता, त्याची पोचही होती. (आम्हा पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचं लेखी कळवावं लागतं. नुसतं समोर जाऊन उभं राहून भागत नाही!) म्हणून बँकेला एक अर्ज लिहिला. इंग्रजीत. नेमका त्याच दिवशी माझा भाचा पुण्याहून आला होता. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे, अमेरिकेतल्या लोकांशी रोजचा पत्रव्यवहार. म्हटलं, बाबा, एकदा नजर टाक. त्याने वाचला, शेवटच्या ओळीपाशी आला आणि खो खो हसत सुटला.

"आत्या, 'काइंडली डू द नीडफुल'! अगं, हे असलं कोणी लिहीत नाही आता. हे इंग्रजीच नाहीये. आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, क्लायंटला हे लिहू नका, ते लोक हसतात."

मला राग आला. मी मराठी माध्यमातून बीए झालेली बाई. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, इंग्रजीचे सर रजेवर असले की त्यांच्या तासालाही उभी राहिले. इंग्रजी शिकले ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि वडिलांच्या ऑफिसच्या पत्रांवर. त्या पत्रांत हे वाक्य हमखास असायचं. ते लिहिता आलं तेव्हा आपल्याला इंग्रजी आलं असं वाटलं होतं. आणि आता हा पोरगा म्हणतो, ते इंग्रजीच नाही!

त्या रागात दोन दिवस गेले. मग लक्षात आलं की भाचा चुकला आहे, पण मीही चुकले आहे, आणि माझी चूक जास्त मोठी आहे. म्हणून हा लेख. यात दोघांनाही चार शब्द ऐकवायचे आहेत.

आधी हसणाऱ्यांना.

हे वाक्य आपल्या कारकुनांनी पाडलेलं नाही. ते अस्सल इंग्लंडचं आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी आणि अधिकारी आपल्या पत्रांत 'द नीडफुल' करा, 'द नीडफुल' झालं असं लिहीत असत. कंपनी सरकारबरोबर ते इकडे आलं, कचेऱ्यांमध्ये रुजलं. पुढे तिकडच्या लोकांनी ते टाकून दिलं, आपण ठेवलं. आज तिकडचे शब्दकोश त्याला 'भारतीय' किंवा 'जुनाट' अशी चिठ्ठी चिकटवतात. 'डू द नेसेसरी' मात्र तिकडे अजूनही खपतं. म्हणजे आजोबांनी दिलेला कोट नातवाने जपून वापरला, तर आजोबांच्या घरचेच लोक म्हणतात, हा काय ध्यान पोशाख करून आलाय! व्याकरणात त्या वाक्यात काडीची चूक नाही. 'जे आवश्यक आहे ते करा', एवढाच त्याचा अर्थ. विशेषणाचं नाम करायची सोय इंग्रजीत आहे, मराठीतही आहे. आपण नाही का म्हणत, 'योग्य ते करा', 'हवं ते घ्या'?

एक गंमत सांगते. त्याच इंग्लंडात 'द नीडफुल' या शब्दाचा बोलीतला एक अर्थ 'पैसे' असाही होता. आपल्याकडच्या काही टेबलांवर अर्ज वाचताना हाच अर्थ घेतला जातो की काय, अशी शंका मला अनेकदा आलेली आहे. :-)

भाच्याला विचारलं, "मग तुम्ही त्याऐवजी काय लिहिता?" म्हणाला, "प्लीज लुक इन्टू धिस. किंवा, प्लीज टेक इट फॉरवर्ड." म्हटलं, "म्हणजे समोरच्याने काय करायचं?" तो म्हणाला, "ते त्याला कळतं." अरे वा! म्हणजे जुनं धोतर सोडून नवी पँट घातली, आत माणूस तोच. 'नीडफुल'ला हसणारी ही मंडळी शब्द बदलतात आणि समजतात की दोष गेला. दोष शब्दात नव्हताच कधी. आणि कुणाच्या इंग्रजीला हसून त्याला गप्प बसवणं हे तर मला अजिबात मान्य नाही. तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेला मुलगा पहिल्या नोकरीत पहिलं पत्र लिहितो, तेव्हा त्याला हेच एक वाक्य आधार देतं. त्याला हसू नका. त्याला पुढचं शिकवा.

ते पुढचं काय, हे आता सांगते, आणि इथून मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडणार आहे.

या वाक्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'नीडफुल' नाही. 'द' आहे. आपल्या मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण तो कपाळावरच्या टिकलीसारखा शोभेला लावतो, किंवा विसरतो. कितीतरी अर्जांत नुसतं 'डू नीडफुल' असतं. पण 'द' हे बोट आहे. ते काहीतरी दाखवतं. 'ते', जे वर सांगितलं ते. मराठीतही बघा, 'योग्य ती कार्यवाही करावी' यातली 'ती' कुठली? वर कुठेतरी ती सांगितली असेल तर वाक्य बरोबर. सांगितलेली नसेल तर आपण हवेत बोट दाखवून उभे आहोत, आणि समोरचा माणूस त्या दिशेला बघतो, काही दिसत नाही म्हणून आपल्या कामाला लागतो.

मी बँकेला लिहिलेला अर्ज पुन्हा काढून वाचला. त्यात काय होतं? मी अमुक शाळेतून निवृत्त झालेली ज्येष्ठ नागरिक आहे. मला मानसिक त्रास झाला आहे. पेन्शन हा माझा एकमेव आधार आहे. तरी कृपया डू द नीडफुल. दाखला कोणत्या तारखेला दिला ते नाही. पोच क्रमांक नाही. कोणत्या महिन्याची पेन्शन थांबली ते नाही. मला नक्की काय हवंय, दाखल्याची नोंद तपासायची की पुन्हा दाखला द्यायचा, ते नाही. पाऊण पान लिहून मी काहीच मागितलं नव्हतं!

आणि हे माझ्या हातून दुसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा झालं त्याची गोष्ट मी या ब्लॉगवर कधी लिहिलेली नाही. आज लिहिते.

१९९४ साल. आमच्या शाळेतला एक शिपाई नोकरीत असतानाच वारला. घंटा तो द्यायचा, पाणी तो भरायचा, सहलीला पोरं मोजायचा तो. मागे बायको, एक मुलगी, एक मुलगा. मुलगी माझ्याच वर्गात, नववीत. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव गेला आणि अडकला. कारण कळलं ते असं. ती बाई त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. लहानपणापासून तो तिला माहेरच्या नावानेच हाक मारायचा, आणि लग्नानंतर सेवापुस्तकात बायकोचं नाव भरताना सवयीने तेच नाव भरून बसला. रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे सासरचं नाव. कागदावर एका माणसाच्या दोन बायका झाल्या, आणि दोन्हींपैकी एकीलाही पैसे मिळेनात.

ती माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही इंग्रजीत लिहून द्या. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं." मलाही तसंच वाटत होतं. मी मन लावून अर्ज लिहिला. तिची हलाखी लिहिली, नवऱ्याची प्रामाणिक नोकरी लिहिली, मुलांची वयं लिहिली. आणि शेवटी, काइंडली लुक इन्टू द मॅटर अँड डू द नीडफुल अँड ऑब्लाइज. मला तो अर्ज फार आवडला होता हो! खरं सांगते, लिहून झाल्यावर मी तो दोनदा मोठ्याने वाचला होता.

चार महिने उत्तर नाही. दुसरा अर्ज, तसाच. पुन्हा चार महिने. तिसरा. ती बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. वाण्याची उधारी वाढली. त्या जूनमध्ये मुलगी दहावीच्या वर्गात आलीच नाही. चौकशी केली तर आईबरोबर कामाला जाते म्हणाले. मी घरी जाऊन आले, समजावलं, "पेन्शन सुरू झाली की पाठव." ती म्हणाली, "हो बाई."

अकराव्या महिन्यात मी स्वतः त्या कचेरीत गेले. टेबलावर एक वयस्कर कारकून होते. फाइल काढली. माझे तिन्ही अर्ज त्यात व्यवस्थित, ओळीने लावलेले होते. ते म्हणाले, "बाई, अर्ज छान आहेत. पण यात करायचं काय ते कुठेय? आवश्यक ते करा म्हणता. आवश्यक काय ते ठरवायचा अधिकार मला नाही, आणि साहेबांना वेळ नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र द्या, सोबत रेशनकार्डाची प्रत जोडा, आणि त्याआधारे सेवापुस्तकात नोंद घेऊन प्रस्ताव पुढे पाठवा असं चार ओळीत लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल."

मी तिथेच बाकावर बसून चार ओळी लिहिल्या. मराठीत. प्रतिज्ञापत्र त्या आठवड्यात झालं. पुढे दोन-तीन महिन्यांत पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली. मुलगी मात्र शाळेत परत आली नाही. तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

तुम्ही म्हणाल, यात कचेरीचा दोष नाही का? आहे, पुष्कळ आहे. पहिल्याच अर्जावर कुणीतरी हे सांगायला हवं होतं. एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. तिन्ही अर्ज ओळीने लावून ठेवणारा हात ती ओळ लिहू शकला असता. पण त्यांना न लिहिण्याची मुभा दिली ती माझ्या वाक्याने. मी 'आवश्यक ते करा' म्हटलं, त्यांनी त्यांना आवश्यक वाटलं ते केलं, म्हणजे फाइलला लावलं. हे वाक्य लिहिणाऱ्याला विचार करण्यापासून वाचवतं आणि वाचणाऱ्याला काम करण्यापासून. दोघेही खूश. मधला तिसरा माणूस मरतो.

काही जण म्हणतील, हा दोष इंग्रजीचा, मराठीत लिहा म्हणजे झालं. अहो, मराठीत आपण त्याचं जुळं भावंड केव्हाच जन्माला घातलंय! १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला, कारभार मराठीत आला, आनंदच झाला. पण सोबत 'उचित कार्यवाहीस्तव सादर', 'योग्य ती कार्यवाही व्हावी', 'आवश्यक ते आदेश व्हावेत' हेही आलं. भाषा बदलली, बोट हवेतच राहिलं.

आणि ही काही आपली परंपरा नव्हे. इतिहासाची शिक्षिका म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र आहे, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं. विषय काय, तर दाणा-वैरण जपून वापरा. आजचा अधिकारी असता तर एका ओळीत उरकतं, 'साठ्याबाबत योग्य ती दक्षता घ्यावी'. महाराज काय लिहितात? साठा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. लोक गाव सोडून जातील आणि म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीबद्दल सांगतात. कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. उंदराने नेलेली वात! राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढं बारीक लिहायला वेळ होता. आणि आपल्याला पोच क्रमांक लिहायचा कंटाळा.

त्या काळच्या पत्रांचा शेवट काय असायचा ठाऊक आहे? 'बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.' म्हणजे एक प्रकारे 'डू द नीडफुल'च की! पण ते शेवटी यायचं. आधी सगळं सांगून झालेलं असायचं. समोरच्याचा मान राखायला ते वाक्य होतं, मजकुराची जागा भरायला नव्हतं. या वाक्याचा बरोबर वापर मला विचाराल तर तो हा.

इंग्रजांनाही हे कळलं होतं बरं का. १९४८ साली त्यांच्या सरकारने आपल्याच नोकरांसाठी अर्नेस्ट गॉवर्स नावाच्या अधिकाऱ्याकडून 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहून घेतलं, सरकारी पत्र सोपं आणि नेमकं कसं लिहावं यावर. अमेरिकेने तर २०१० मध्ये त्यासाठी कायदाच केला. म्हणजे साहेब आपली जुनी भाषा आपल्याला देऊन स्वतः शहाणा झाला.

मला यामागचं खरं कारण वेगळंच वाटतं. आपल्याला नेमकं मागायची भीती वाटते. शाळेपासून आपण 'आपला आज्ञाधारक' अशी सही करत मोठे झालो. साहेबाला 'हे करा, या तारखेपर्यंत करा' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. त्यापेक्षा 'आपल्याला योग्य वाटेल ते' बरं, म्हणजे राग यायला नको. (मी स्वतः वर्गात वर्षानुवर्षं हेच पत्रलेखन शिकवलं, पाच गुणांसाठी. त्यात 'विषय' असायचा, 'महोदय' असायचं, मागणी असायचीच असं नाही. तो दोषही माझ्या पदरात घालते.) पण नेमकं मागणं हा उद्धटपणा नाही. समोरच्याचा वेळ वाचवणं हा त्याचा मानच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे आपल्याला थोडंफार शिकवलं. त्या अर्जात कोणती माहिती हवी त्याचा तपशील द्यावाच लागतो, कारण सांगावं लागत नाही. हलाखीचं वर्णन नको, विनवणी नको, काय हवं ते लिहा. आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन समोरच्यावर. 'डू द नीडफुल' लिहून तिथे काहीच हाती लागणार नाही.

मग हे वाक्य कुठेच वापरू नये का? असं मी म्हणणार नाही. जिथे काय करायचं हे समोरच्याला आपल्यापेक्षा खरंच जास्त कळतं, तिथे ते शोभतं. डॉक्टरला आपण सांगतो ना, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' तिथे तो विश्वास आहे. पण तिथेही आधी कुठे दुखतंय ते सांगावं लागतं!

तर माझं म्हणणं एवढंच. लिहा खुशाल 'डू द नीडफुल'. 'द' विसरू नका. शेवटी 's' लावून त्याचं 'नीडफुल्स' करू नका. आणि ते लिहिण्याआधी तीन गोष्टी वर लिहिल्या आहेत का बघा. काय करायचं, कोणत्या कागदाच्या आधारे करायचं, आणि केव्हापर्यंत. त्या असतील तर वाक्य ठेवा किंवा काढा, काही बिघडत नाही. त्या नसतील तर तुम्ही कितीही आधुनिक इंग्रजी लिहा, पत्र कोरंच आहे.

मी बँकेचा अर्ज पुन्हा लिहिला. 'अमुक तारखेला हयातीचा दाखला दिला, पोच जोडली आहे. डिसेंबरची पेन्शन जमा नाही. दाखल्याची नोंद तपासून पेन्शन जमा करावी, आणि नोंद झालेली नसल्यास काय द्यावं लागेल ते आठ दिवसांत या नंबरवर कळवावं.' संपला. मराठीत लिहिला. पाचव्या दिवशी फोन आला. नोंद राहून गेली होती, घेतली म्हणाले.

भाच्याला वाचायला दिला तेव्हा तो हसला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आत्या, आमच्याकडे असं मेल कोणीच लिहीत नाही गं." म्हटलं, "मग तू लिही."

ती मुलगी आता पन्नाशीकडे आली असेल. मागे एका लग्नात भेटली, पाया पडली. तिच्या मुलीने बीकॉम केलंय म्हणाली. मला ते तीन अर्ज आठवले, पण मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार?

असो. तुमचे अनुभव काय आहेत? जरूर कळवा. आणि घरच्या मंडळींनो, वाचून नुसतं 'छान लिहिलंय' लिहू नका हं. काय पटलं, काय नाही, ते नेमकं लिहा!